संभाव्य आजारी कर्मचाऱ्यांची यादी

महापालिकेतल्या नोकरीची शेवटची अकरा वर्षं मी लोकांच्या आजारपणात घालवली. वैद्यकीय देयकं विभागात वरिष्ठ लिपिक होते. कोणत्या महापालिकेत ते सांगत नाही. ठाण्यापासून कल्याणपर्यंत खाडीच्या दोन्ही अंगांना महापालिका काही कमी नाहीत, त्यातली एक धरा. वाचणारा पालिकेतला असेल तर त्याला ती आपलीच वाटेल, त्याला माझा इलाज नाही.

कर्मचारी आजारी पडला, बरा झाला किंवा न झाला, की त्याची बिलं माझ्या टेबलावर यायची आणि डोंबिवलीहून रोज नऊ बेचाळीसला पोचणारी मी त्यांत त्रुटी काढायचे. सही आहे, शिक्का नाही. शिक्का आहे, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक पुसट. एका वायरमनचं अपेंडिक्सचं बिल मी चार वेळा परत पाठवलं, कारण डिस्चार्ज कार्डावर बाजू लिहिलेली नव्हती. अपेंडिक्स दोन्ही बाजूंना नसतं हे मला कळत होतं, पण रकाना रिकामा होता. शेवटी तो बिचारा टेबलासमोर शर्ट वर करून टाके दाखवायला लागला. मी म्हटलं, टाक्यांची झेरॉक्स जोडा. हा किस्सा मी तेव्हा घरी जेवताना मोठ्या फुशारकीनं सांगितला होता, आणि माझा नवरा हसला नव्हता.

तर आमच्याकडे एक योजना आली. सगळ्या कर्मचाऱ्यांचा आरोग्य विमा काढायचा असं आधी ठरलं होतं. पण आमची माणसं म्हणजे गटारात उतरणारी, कचऱ्याच्या डोंगरावर उभी राहणारी, धूरफवारणीच्या यंत्रामागून चालणारी. त्यांची फुप्फुसं बघून विमा कंपन्यांनी असा आकडा सांगितला की आयुक्तांनी पाणी मागवलं. मग ठरलं, विमा नको, महापालिका स्वतःच्या निधीतून खर्च करेल. कर्मचाऱ्यानं ठरलेल्या हॉस्पिटलात जायचं, आम्ही हमीपत्र द्यायचं, हॉस्पिटल पैसे आमच्याकडून घेईल. चांगली योजना होती. कागदावर तर फारच चांगली होती.

मग लेखा विभागाला रात्रीची झोप येईना. एखाद्या वर्षी दहा जणांना एकदम मोठे आजार झाले तर? त्यावर तोडगा म्हणून स्टॉप लॉस नावाचा विमा आला. ते समजावून सांगायला विमा कंपनीचा एक तरुण अधिकारी आला होता, भर मे महिन्यात टाय लावून. त्यानं सांगितलं की एका माणसाच्या आजारावर वर्षात पाच लाखांपर्यंत खर्च झाला तर तो महापालिकेनं सोसायचा. पाच लाखांच्या वर जे जाईल ते कंपनी महापालिकेला भरून देईल. समजलं का, असं त्यानं तीनदा विचारलं. आमचे उपायुक्त म्हणाले, समजलं, पण मग विमा नक्की कोणाचा? तो म्हणाला, सर, तुमचा. महापालिकेचा.

हे मला फार आवडलं. आजारी पडणार कर्मचारी आणि विमा महापालिकेचा. आगीपासून होणाऱ्या नुकसानीचा असतो, पुराचा असतो, तसा हा आमच्यापासून होणाऱ्या नुकसानीचा विमा होता. मंजुरी मिळाली त्या दिवशी लेखा विभागानं पेढे वाटले आणि आपत्तीमध्ये गणल्या गेलेल्या आम्ही सगळ्यांनी ते खाल्ले.

पहिलं वर्ष सुरळीत गेलं. कोणीच पाच लाखांच्या वर आजारी पडलं नाही. पण नूतनीकरणाची वेळ आली तेव्हा कंपनीनं एक नमुना पाठवला. ज्या कर्मचाऱ्यांना गंभीर आजार असल्याचं आजच माहीत आहे, ज्यांच्यावर येत्या वर्षात मोठ्या शस्त्रक्रियेची शक्यता आहे, त्यांची नावं द्या. अशांसाठी मर्यादा पाच लाखांची पंचवीस लाख करण्यात येईल. याचा अर्थ सरळ होता. जो आजारी पडणार हे नक्की आहे, त्याच्यापुरता विमा बंद. छत्री मिळेल, पण पाऊस पडणार नसेल तर.

उपायुक्तांनी तो नमुना माझ्याकडे टाकला आणि सर्व विभागांना परिपत्रक काढायला सांगितलं. मी काढलं. "आपल्या विभागातील येत्या आर्थिक वर्षात गंभीर आजारी पडण्याची शक्यता असलेल्या अधिकारी व कर्मचाऱ्यांची यादी सात दिवसांत सादर करावी. माहिती निरंक असल्यास तसा निरंक अहवाल न चुकता पाठवावा." हे वाक्य लिहिताना मला काहीही वावगं वाटलं नाही. तीस वर्षं सरकारी मराठी लिहिलं की माणूस स्वतःच्या तेराव्याचंही परिपत्रक काढू शकतो.

ज्यांनी पालिकेत नोकरी केलेली नाही त्यांना निरंक, म्हणजे काहीच नाही, या शब्दाचा महिमा सांगायला हवा. माहिती मागवली की पालिकेतला माणूस आधी निरंक लिहितो आणि मग पत्र वाचतो. धोकादायक इमारती किती, निरंक. तक्रारी किती, निरंक. कारण काही आहे असं लिहिलं की पुढचं पत्र येतं, खुलासा येतो, बैठक येते, आणि शेवटी तुम्हीच त्या गोष्टीचे जनक ठरता. निरंकला पुढचं पत्र येत नाही.

सात दिवसांत अहवाल आले. अग्निशमन निरंक. नगररचना निरंक. मालमत्ता कर निरंक, आणि तिथला अधीक्षक त्याच आठवड्यात दुसऱ्या अँजिओप्लास्टीसाठी भरती झाला होता, अहवालावर सही त्याचीच होती. उद्यान विभागानं मात्र चौदा जणांची यादी पाठवली. मी हरखून उघडली तर सगळी झाडं होती, कीड लागलेली, जागेसह. आरोग्य विभागाचा अहवाल उशिरा आला, कारण तिथला लिपिक आजारी होता. त्यांचंही निरंक. हजारो माणसांच्या महापालिकेत येत्या वर्षात कोणालाही काहीही होणार नव्हतं. एवढं निरोगी शहर मी दुसरं पाहिलेलं नाही.

मी बेरीज करायला बसले होते, शून्यांची, तेव्हा पाणी खात्यातला चावीवाला आला.

चावीवाला म्हणजे जमिनीखालचे व्हॉल्व्ह लांब दांड्याच्या चावीनं उघडून वस्तीला पाणी सोडणारा माणूस. हा राहायला बाळकुमचा, मूळचा आगरी, नोकरीला आमच्याकडे. त्याच्या वाडवडिलांच्या शेतांवर आता टॉवर उभे होते आणि त्यांच्या नावांत लेक, व्हॅली वगैरे होतं. पैसे आले तसे भावकीत वाटून गेले. मागे राहिली ती बायकोच्या माहेरची तीन गुंठे जागा, खाडीच्या बाजूला, तिच्या बापानं लेकीच्या नावावर केलेली. त्याची नि माझी ओळख जुनी. मला तो बाय म्हणायचा आणि अगंतुगं करायचा. त्यांच्या बोलीत आईलाही तसंच बोलतात, त्यामुळे मला कधी खटकलं नाही. माझ्या मुलाहून तोच मला जास्त वेळा "जेवलीस का" असं विचारायचा.

त्याच्या हातात अर्ज होता. डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं की यकृत संपत आलंय, वर्षाच्या आत बदलावं लागेल. थोरल्या मुलीचा तुकडा जुळतोय. त्याच्या खात्यात हे कळल्यापासून सगळे अंगठ्यानं बाटलीची खूण करून हसत होते, आणि हा माणूस आयुष्यात थेंबाला शिवलेला नव्हता. कधीतरी झालेल्या काविळीनं आतून खाल्लं होतं. तो म्हणायचा, मी तर पालिकेचंच पाणी प्यालो. पाण्याच्या टाकीवर लावलेलं माझं परिपत्रक त्यानं वाचलं होतं. त्याच्या इंजिनिअरनं निरंक पाठवलंय हे त्याला कळलं होतं, म्हणून तो स्वतः आला होता.

"बाय, माजा नाव यादीन टाक."

अख्ख्या महापालिकेत माझं परिपत्रक खरं मानणारा हा एकटा. मी त्याला बसवलं आणि समजावलं. यादीत नाव गेलं की तुझ्यापुरता कंपनीचा हात वर. मग सगळा खर्च महापालिकेवर. नियमानं महापालिकेनं द्यायलाच हवा, पण आपली महापालिका तुला माहीत आहे. वीसेक लाखांचा आकडा बघितला की फाईल कपाटात जाईल आणि तू गेल्यावरच बाहेर येईल. त्यापेक्षा गप्प राहा. ऑपरेशन होईल तेव्हा होईल, पाच लाखांवरचं कंपनी भरेल, साहेब लोक डोळे मिटून सही करतील.

त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "खोटा कनाला लिवाचा?"

मी म्हटलं, खोटं कोण लिहितंय? तुझ्या विभागाचा अहवाल निरंक आहे, मी फक्त बेरीज करते. तीस वर्षं दुसऱ्याच्या कागदात खोट शोधणारी मी त्या दिवशी इतकी शहाणी झाले होते की मला स्वतःचं कौतुक वाटलं. नियम मला कळतो, कंपनी मला कळते, आणि या साध्या माणसाचं भलं त्याच्यापेक्षा मला जास्त कळतं.

त्याला पटलं की नाही ठाऊक नाही. पण अर्ज त्यानं मागे घेतला नाही. पालिकेतल्या माणसाचा देवावर नसेल एवढा आवकच्या शिक्क्यावर विश्वास असतो. त्यानं अर्ज माझ्यापुढे ठेवला, दुसरी प्रत पुढे केली आणि पोच मागितली. मी दोन्ही प्रतींवर शिक्का मारला, तारीख घातली, सही केली, एक प्रत त्याला दिली. दुसरी माझ्या लोखंडी कपाटात, खालच्या कप्प्यात ठेवली. नोंदवहीत चढवली नाही. मग कंपनीला एकत्रित अहवाल पाठवला. निरंक.

पुढे साडेसहा महिन्यांत तो कामावर पडला. व्हॉल्व्हच्या खड्ड्याशीच. पोट फुगलेलं, डोळे हळदीसारखे. हॉस्पिटलनं सांगितलं, आता थांबण्यात अर्थ नाही, महापालिकेचं हमीपत्र आणा. इंजिनिअरनं प्रस्ताव पाठवला. रक्कम पाच लाखांच्या वर, म्हणून आमच्या पद्धतीप्रमाणे कंपनीला कळवलं. कंपनीनं हॉस्पिटलचे कागद मागवले आणि चार दिवसांत उत्तर दिलं. हा आजार नूतनीकरणाच्या आधीपासून माहीत होता, तो यादीत दाखवलेला नाही, सबब कंपनीवर जबाबदारी नाही.

हे पत्र आल्यावर साहेबांच्या सहाव्या मजल्यावर जी पळापळ झाली ती पुरातही होत नाही. चूक कोणाची? इंजिनिअर म्हणाला, मला काही माहीत नव्हतं. कामगार अधिकाऱ्यांनी योजनेची नियमावली काढली. तिच्यात एक कलम होतं: कर्मचाऱ्यानं आजार लपवला असल्यास त्याचा योजनेवरचा हक्क संपतो. ते कलम सापडताच सगळ्यांचे चेहरे उजळले. कंपनी म्हणते माहिती लपवली. महापालिकेनं तर लपवली नाही, महापालिका निरंक आहे. म्हणजे लपवली ती कर्मचाऱ्यानं. यकृत त्याचं, लपवायला सोयीचंही त्यालाच. त्याला नोटीस गेली की आपण आजाराची पूर्वसूचना दिली होती काय, दिली असल्यास पुरावा सादर करावा, तोवर हमीपत्राचा प्रस्ताव स्थगित.

त्याचं उत्तर आलं. मुलीच्या अक्षरात होतं, खाली त्याची सही. "मी माझ्या आजाराची माहिती वेळेत कळवली होती. कार्यालयात चौकशी करावी." एवढंच. पोच जोडलेली नव्हती.

उपायुक्तांनी त्यावर लाल शाईनं लिहिलं, वैद्यकीय देयकं विभागानं अभिप्राय द्यावा. म्हणजे मी.

मी ते पत्र घेऊन टेबलाशी बसले. माझ्या उजव्या हाताला ते कपाट होतं. उठावंसुद्धा लागलं नसतं, खुर्ची जरा फिरवली की खालचा कप्पा हाताला आला असता. त्यातला एक कागद वर पाठवला की त्याच्यावरचा आरोप गळून पडणार होता. त्यानं कळवलं होतं, म्हणजे त्याचा हक्क शाबूत, म्हणजे महापालिकेला स्वतःच्या खिशातून हमी द्यावी लागणार. आणि त्याच कागदावर माझी सही होती, तारखेसकट. अर्ज मिळूनही नोंदवला नाही, कंपनीला खोटी माहिती दिली, महापालिकेचं वीसेक लाखांचं नुकसान केलं, असा ठपका माझ्यावर येणार होता. माझ्या निवृत्तीला दहा आठवडे उरले होते. चौकशी लागली की ग्रॅच्युइटी थांबते, पेन्शन तात्पुरती होते, आणि मग निवृत्त माणूस डबा घेऊन स्वतःच्याच जुन्या कार्यालयाच्या बाकावर येऊन बसतो. असे तिघे आमच्याकडे रोज यायचे. त्यांना कोणी चहासुद्धा विचारत नसे. मीही विचारत नसे.

मी अभिप्राय लिहिला, "सदर अर्जाचा शोध घेण्यात येत आहे."

आणि काय सांगू, मी खरोखर शोध घेतला. जुनी टपाल बंडलं उतरवून घेतली. शिपायाला तळघरातल्या अभिलेख कक्षात पाठवलं. तो धुळीनं माखून परत आला नि म्हणाला, मॅडम, तुमच्या कपाटात बघू का? मी म्हटलं, कपाटात नाही, मी पाहिलंय. पाणी खात्याला पत्र दिलं की अर्ज चुकून आपल्याकडे आला आहे काय. त्यांचं उत्तर आलं, निरंक. दर तीन दिवसांनी वरून विचारणा व्हायची आणि मी लिहायचे, शोध सुरू आहे. हाताच्या अंतरावरचा कागद मी एकोणीस दिवस शोधत होते. एवढ्या निष्ठेनं मी आयुष्यात दुसरं काही शोधलेलं नाही.

या एकोणीस दिवसांत मी काय काय विचार केले ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. पहिले काही दिवस वाटत होतं, त्याच्याकडे पोच आहे, तोच दाखवेल, मग आपल्याला ठरवायची वेळच येणार नाही. मग वाटायला लागलं, त्यानं हरवली असेल. मग, हरवली असेल तर बरं. एके दिवशी घरी भाजी निवडताना मनात येऊन गेलं की तो आधीच गेला तर प्रश्नच मिटेल. हे मनात आल्यावर मी भाजी तशीच ठेवून उठले आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. नवऱ्यानं बाहेरून विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही.

विसाव्या दिवशी सकाळी त्याची बायको कार्यालयात आली. मी तिला पहिल्यांदाच जवळून बघत होते. ठेंगणी, अंगानं भरलेली, हातात प्लॅस्टिकची पिशवी. माझ्याकडे पाठवलं होतं कोणीतरी, की तिथं त्या बाई शोध घेतायत. तिनं सांगितलं की हॉस्पिटल आता थांबायला तयार नाही. मुलीच्या सगळ्या तपासण्या झाल्यात, परवा ऑपरेशन धरलंय, पैसे आधी भरायला सांगितलेत. म्हणून तिनं बापाची तीन गुंठे जागा दिली. खरेदीखत काल कल्याणच्या एका बिल्डरच्या नावानं झालं. घाई होती म्हणून त्यानं हवा तसा भाव पाडून घेतला. तिला फक्त एवढंच विचारायचं होतं की हमीपत्र आज मिळालं तर तो व्यवहार मोडता येईल का. ती चिडून बोलत नव्हती. बसस्टॉपवर गाडीची वेळ विचारावी तशी विचारत होती.

झालेलं खरेदीखत मोडता येत नाही. मी तिला तसं सांगितलं. ती बरं म्हणाली, आणि इतके दिवस तुम्ही शोधताय म्हणून माझे आभार मानून गेली.

आभार. मी खुर्ची फिरवली, खालचा कप्पा उघडला, अर्ज काढला आणि त्यासोबत अभिप्राय लिहिला. या वेळी सरकारी मराठी जमेना. "अर्ज माझ्याकडे मिळाला होता. सही माझी आहे. मी तो नोंदवला नाही व यादीत नाव घेतलं नाही. कर्मचाऱ्यानं काहीही लपवलेलं नाही." फाईल स्वतः घेऊन सहाव्या मजल्यावर गेले. उपायुक्तांनी वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं की मॅडम, हे लिहायलाच हवं का, शोध लागला नाही असंही लिहिता येईल. ते माझ्या भल्यासाठीच बोलत होते. आमच्याकडे सगळेच एकमेकांच्या भल्यासाठी बोलतात. मी म्हटलं, लिहून झालंय.

हमीपत्र पाचव्या दिवशी निघालं. ऑपरेशन तोवर झालं होतं, बायकोच्या पैशांतून. भरलेली रक्कम महापालिकेकडून यथावकाश परत मिळणार होती आणि पुढे ती मिळालीही. त्या पैशांत त्या भागात आता तीन गुंठे सोडा, गाडी उभी करायची जागा मिळत नाही. मला कारणे दाखवा नोटीस आली, चौकशी लागली, माझी पेन्शन आजही तात्पुरती आहे. आणि पुढच्या नूतनीकरणाला सगळे विभाग इतके घाबरले की प्रत्येकानं आपला अख्खा हजेरीपट यादी म्हणून पाठवला. कंपनीनं हजारो नावांचा तो गठ्ठा बघून विमाच द्यायचं नाकारलं. लेखा विभागानं त्या वर्षी पेढे वाटले नाहीत.

ऑपरेशननंतर तीन आठवड्यांनी मी त्याला बघायला बाळकुमला गेले. घर टॉवरच्या मागच्या अंगाला, कौलं जाऊन स्लॅब पडलेलं. मुलगी आतल्या खोलीत पडून होती. तो खाटेवर उशीला टेकून बसला होता, निम्मा झालेला, पण डोळे पांढरे. तोंडाला मास्क. त्यानं विचारलंच, जेवलीस का. बायको स्टुलावर बसून मोसंबं सोलत होती.

मी ठरवून गेले होते की सांगायचं. मी सांगितलं की तुझा अर्ज पहिल्या दिवसापासून माझ्याजवळच होता. मी एकोणीस दिवस तो दाबून ठेवला, माझ्या पेन्शनसाठी. तुझी जागा गेली ती माझ्यामुळे. हे सगळं मी सलग बोलले, खाली बघून.

तो म्हणाला, त्याला माहीत होतं. अर्ज त्यानं माझ्याच हातात दिला होता, त्यात माहीत नसण्यासारखं काय आहे? मग मला राहवलं नाही. मी विचारलं, तुझ्याकडे पोच होती ना? ती का नाही लावलीस नोटिशीच्या उत्तराला?

त्यानं समोरच्या कपाटाकडे हात केला. तिथंच आहे म्हणाला, रेशनकार्डाच्या पिशवीत. "तुझी सही व्हती त्याच्यावर. मी दिला असता तं तू अरकली असतीस. तू सोता देशील असा वाटला व्हता, म्हनून मी माजा दिला नाय."

मला वाटतं त्या क्षणी मी रडणारच होते. कोणीतरी आपल्याला चांगलं समजून इतके दिवस वाट बघत होतं, जिवाची बाजी लावून. मला वाईट वाटत होतं आणि, खरं सांगते, आतून थोडं सुखावल्यासारखंही झालं होतं. तेवढ्यात मोसंबं सोलणं थांबलेलं मला दिसलं.

बायको आमच्याकडे बघत नव्हती. ती कपाटाकडे बघत होती.

"म्हंजी कागद घरान व्हता?" तिनं विचारलं.

त्यानं तोंडावरचा मास्क सारखा केला.

"मी बापाची जागा इकली तवा कागद घरान व्हता?" तिनं पुन्हा विचारलं, आणि मग एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. "तुमी दोघा एकमेकांची वाट बगत व्हतेव. आनि याला कायी झाला असता तं? पोरीचा पोट फारून बसली मी, आनि याला कायी झाला असता तं?"

 ती उठली, सोललेलं मोसंबं त्याच्या उशाशी ठेवलं आणि मुलीकडे आत गेली. मी आणखी पाच-दहा मिनिटं तिथं बसले होते. आम्ही दोघांनीही तिला हाक मारली नाही.